सरपण स्वतःच्या शेतातले, तरी गाडी का अडवली?

प्रश्न : कन्नड तालुक्यात आमची शेती असून सातबारा वडील आणि चुलते यांच्या सामाईक नावावर आहे. बांधावर बाभळी, कडुनिंब, थोडी सुबाभूळ आणि वाळलेली दोन आंब्याची झाडे आहेत. शेतीला जोडधंदा म्हणून सरपण फोडून, दहा-दहा किलोच्या मोळ्या बांधून महामार्गावरचे ढाबे आणि वेरूळ-खुलताबाद भागातील हुरड्याची केंद्रे यांना विकण्याचा विचार आहे. माल कमी पडला तर डोंगराकडून मोळ्या आणणाऱ्या बायांकडून विकत घेईन. पहिली खेप मेहुण्याच्या छोट्या हत्तीतून पाठवली, ती वनरक्षकाने अडवली. त्यात एका आंब्याचे लाकूडही होते. गाडी आणि माल सध्या वनपरिक्षेत्र कार्यालयात असून मेहुण्याने तिथे लिहिलेल्या एका कागदावर सही केली आहे. स्वतःच्या शेतातले जळतण विकायलाही परवाना लागतो का?
– एक शेतकरी वाचक

उत्तर : आपला प्रश्न धंद्याचा असला, तरी आज अडकलेली गाडी ही अधिक निकडीची बाब असल्यामुळे तिच्यापासून सुरुवात करतो.

भारतीय वन अधिनियम, १९२७ च्या कलम २ मध्ये लाकूड आणि कोळसा हे जंगलात सापडलेले असोत वा नसोत, वनोपजच मानले आहेत आणि लाकडाच्या व्याख्येत तोडलेले, पडलेले, फोडलेले असे सर्वच लाकूड येते. म्हणजे आपल्या बांधावरची बाभूळ उभी असेपर्यंत शेतातले झाड असते, परंतु ती फोडून गाडीत भरल्यावर रस्त्यावर उभ्या असलेल्या वनरक्षकाला तिच्याविषयी विचारण्याचा अधिकार मिळतो. याहून महत्त्वाचे कलम ६९ आहे. एखादे वनोपज शासनाच्या मालकीचे आहे की नाही असा वाद या कायद्याखालील कारवाईत उभा राहिला, तर उलट सिद्ध होईपर्यंत ते शासनाचेच आहे असे गृहीत धरले जाते. नेहमीच्या फौजदारी प्रकरणात आरोप सिद्ध करण्याचा भार सरकारवर असतो. येथे मालकी दाखवण्याचा भार आपल्यावर येतो. त्यामुळे ‘आमच्याच शेतातले आहे, गावात कुणालाही विचारा’ हे उत्तर खरे असूनही अपुरे पडते.

मेहुण्यांनी पहिले काम हे करावे, की जप्तीचा पंचनामा आणि त्यांनी सही केलेला जबाब यांच्या प्रती लेखी अर्ज देऊन मागाव्यात आणि अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घ्यावी. पंचनाम्यात लाकडाच्या जाती वेगवेगळ्या नोंदवल्या आहेत की ‘मिश्र जळाऊ लाकूड’ एवढेच लिहिले आहे, हे बारकाईने पाहावे. कारण बाभळीची बाजू आणि आंब्याची बाजू कायद्यात एकसारखी नाही, हे पुढे सांगतो. जबाबात ‘लाकूड जंगलातून आणले’ किंवा ‘चूक मान्य आहे’ अशा अर्थाचे वाक्य असेल, तर वस्तुस्थिती सांगणारा खुलासा विनाविलंब लेखी दाखल करावा. वनाधिकाऱ्यांसमोर दिलेला जबाब हा पोलिसांसमोरच्या कबुलीसारखा पुराव्यातून आपोआप वगळला जात नाही, ही गोष्ट अनेकांच्या ध्यानात उशिरा येते.

त्यानंतर जप्तीचा अहवाल पुढे कोणाकडे गेला आहे, याची चौकशी करावी. तो न्यायदंडाधिकाऱ्यांकडे गेला असेल, तर गाडी सुपुर्दनाम्यावर, म्हणजे मागाल तेव्हा हजर करू अशा लेखी हमीवर, मिळण्यासाठी तेथे अर्ज करता येतो. परंतु महाराष्ट्राने या अधिनियमात जोडलेल्या कलम ६१-अ आणि त्यापुढील तरतुदींनुसार वाहन सरकारजमा करण्याची कारवाई सुरू झाली असेल, तर ज्या प्राधिकृत वनाधिकाऱ्यांपुढे ती चालू आहे त्यांच्यापुढेच बाजू मांडावी लागते. सरकारजमा करण्याचा आदेश देण्यापूर्वी नोटीस देऊन म्हणणे ऐकून घेणे त्यांना बंधनकारक आहे. ही तरतूद शासनाच्या मालकीच्या मालासाठी आहे. म्हणून माल खासगी शेतातला आहे हे कागदाने दाखवणे, हाच तेथे आपला मुख्य बचाव आहे.

तो दाखवायचा कसा? चालू सातबारा, ई-पीक पाहणीत बांधावरच्या झाडांची नोंद केलेली असल्यास तिचा उतारा, तलाठ्यांकडून जागेवरचा पंचनामा आणि तोडलेल्या झाडांच्या थुटांची छायाचित्रे, एवढे साहित्य जमवावे. थुटांविषयी विशेष सांगतो. अशा चौकशीत वनखात्याचे कर्मचारी शेतात येऊन थुटाचा घेर मोजतात, जप्त लाकडाच्या घेराशी आणि सालीशी तो ताडून पाहतात आणि घाव ताजा आहे की जुना हेही बघतात. पेरणीला आडवे येते म्हणून किंवा घाबरून जाऊन एखाद्याने जेसीबीने थुटे उपटून टाकली, तर आपल्या बाजूचा सर्वांत बोलका पुरावा आपल्याच हाताने नष्ट होतो. चौकशी संपेपर्यंत थुटांना हात लावू नये.

कलम ६८ खाली काही गुन्ह्यांत ठरावीक रक्कम भरून तडजोड करता येते आणि बऱ्याच ठिकाणी तोच सोपा मार्ग म्हणून सुचवला जातो. चूक खरोखर झाली असेल आणि रक्कम झेपणारी असेल, तर त्यात गैर काही नाही. मात्र रक्कम सरकारी पावतीवरच भरावी आणि तडजोडीचा लेखी आदेश हाती घेतल्याखेरीज कार्यालयातून निघू नये. पावतीशिवाय दिलेल्या पैशाने गाडी सुटते, प्रकरण सुटत नाही.

आता मूळ प्रश्नाकडे वळतो. झाड तोडण्याची परवानगी आणि तोडलेले लाकूड वाहून नेण्याचा परवाना या दोन निराळ्या बाबी आहेत आणि आपल्या पत्रात, तसेच बहुधा आपल्या गावातल्या चर्चेतही, त्या एकमेकींत मिसळल्या आहेत. तोडीसंबंधी महाराष्ट्र वृक्षतोड (विनियमन) अधिनियम, १९६४ लागू होतो. त्याच्या अनुसूचीत साग, आंबा, चिंच, मोह, जांभूळ, हिरडा, चंदन अशी ठरावीक झाडे आहेत. बाभूळ, कडुनिंब आणि सुबाभूळ त्यात नाहीत. म्हणून आपल्या बाभळीला या कायद्याखाली तोडपरवानगी लागत नाही, पण आंब्याला लागते, जरी तो पूर्ण वाळलेला असला तरीही. वाळलेल्या, रोगट किंवा वाऱ्याने पडलेल्या झाडाची परवानगी वृक्ष अधिकाऱ्यांना नाकारता येत नाही, अशी तरतूद त्याच कायद्यात आहे. परंतु नाकारता येत नाही म्हणून मागायचीच नाही, असा अर्थ त्यातून निघत नाही. दुसरा आंबा अजून उभा असेल, तर त्याचा अर्ज आजच करावा, आणि तोडलेल्या आंब्याविषयी चौकशीत जे खरे आहे तेच सांगावे. हे सर्व ग्रामीण भागापुरते झाले. नगरपालिकेच्या हद्दीत १९७५ चा वेगळा वृक्ष जतन कायदा असून तेथे अनुसूची न पाहता वृक्ष प्राधिकरणाची परवानगी घ्यावी लागते. कन्नड शहरात कोणी ‘आमच्या वाड्यातले झाड तोडून न्या’ म्हणाले, तर हे आधी तपासावे.

वाहतुकीसाठी महाराष्ट्र वन नियम, २०१४ आहेत. सर्वसाधारण नियम असा, की वाहतूक परवान्याशिवाय, म्हणजे आपण ज्याला टीपी म्हणतो त्याशिवाय, लाकूड रस्त्यावर आणू नये. काही जातींना त्यातून सूट आहे आणि सुटीची यादी अधिसूचनांनी वेळोवेळी बदलत आली आहे. म्हणून ऐकीव यादीवर विसंबू नये. आपल्या गट नंबरातील झाडांच्या जाती आणि संख्या नमूद करून वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांना एक अर्ज द्यावा, यांपैकी कोणत्या जातीला टीपी लागते आणि कोणत्या जातीला नाही, याचे लेखी उत्तर मागावे आणि त्या उत्तराची प्रत चालकाजवळ ठेवावी. सूट असलेल्या जातीच्या गाडीतही सातबाऱ्याची प्रत आणि गट नंबर, जात, अंदाजे वजन, कोठून कोठे, तारीख एवढे लिहिलेली चिठ्ठी असावी. जाती मिसळून गाडी भरू नये. चार ओंडके आंब्याचे घातले की बाभळीची सगळी गाडी अडते, हे आपण अनुभवले आहेच.

सामाईक सातबाऱ्याबाबत लहानशी पण टाळू नये अशी सूचना. भोगवटादाराच्या जमिनीतील झाडांवर सामान्यतः त्याचाच हक्क असतो. मात्र येथे भोगवटादार दोघे आहेत. वाटणीची नोंद झालेली नसेल, तर चुलत्यांचे लेखी संमतिपत्र घ्यावे. आज ते ‘ने की बाबा, विचारतोस काय’ म्हणत असतील. उद्या धंद्यात चार पैसे दिसले की भावकीत तोंडी संमतीची आठवण राहत नाही. शेजाऱ्याशी सामाईक असलेल्या बांधाचेही तेच. गायरान, ओढ्याकाठ आणि रस्त्याकडेची झाडे आपल्या शेताला लागून असली, तरी ती आपली नाहीत.

डोंगराकडून येणाऱ्या मोळ्या विकत घेण्याच्या आपल्या विचाराला मी स्पष्ट नकार देतो. गौताळा-औट्रमघाट अभयारण्याचा काही भाग आपल्या तालुक्यातच आहे. अभयारण्यातून वनोपज काढण्यास वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या कलम २९ ची बंदी आहे आणि त्या मोळीतले लाकूड अभयारण्यातले, राखीव वनातले की कोणाच्या पडीक रानातले, हे आपण कधीच सिद्ध करू शकणार नाही. घरच्या चुलीसाठी डोक्यावरून आणलेल्या मोळीकडे काणाडोळा होतो. तीच मोळी आपल्या शेडमध्ये रचलेली दिसली, की तिची बाजारपेठ आपण ठरता. वनहक्क कायदा, २००६ ने वनात राहणाऱ्यांना गौण वनोपजावर हक्क दिले आहेत आणि त्यात काटक्या-झुडपांचा समावेश आहे, पण ते हक्क त्या धारकांचे आहेत. ते विकत घेऊन आपला माल कायदेशीर होत नाही. तसेच एखाद्या आदिवासी शेतकऱ्याच्या शेतातील उभी झाडे परस्पर सौद्याने घेऊ नयेत. त्यांच्या विक्रीसाठी १९६९ चा स्वतंत्र कायदा असून व्यवहार शासकीय यंत्रणेमार्फत व्हावा लागतो.

माल कमी पडण्याची भीती असेल, तर दुसरीकडे पाहावे. मराठवाड्यात पाण्याअभावी मोसंबीच्या जुन्या बागा मोडल्या जातात. त्या शेतकऱ्याकडून सातबाऱ्याची प्रत आणि सहीची विक्रीपावती घेऊन लाकूड घेता येईल, अर्थात वाहतुकीची वर सांगितलेली चौकशी करूनच. परवानाधारक आरा गिरणीतील तुकडे बिलासह घ्यावेत. पेटवणासाठी पऱ्हाट्या आणि तुराट्या उत्तम, कारण ती पिकाची धसकटे असल्याने मालकीचा वाद सहसा उद्भवत नाही. लाकूड फोडण्यासाठी कुऱ्हाड-पाचर वापरावी. विजेवर चालणारा आरा बसवायचा झाल्यास परवान्याचा प्रश्न येतो, आणि जंगलतोडीविषयीच्या गोदावर्मन प्रकरणातील सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६ च्या आदेशांनंतर त्या परवान्यांची वाट फारच अरुंद झाली आहे.

विक्रीच्या अंगाने एक गोष्ट आपल्या मनातही आली नसेल. गिऱ्हाईक समोर नसताना ठरावीक वजनाची मोळी बांधून ठेवली, की वैधमापनशास्त्र अधिनियम, २००९ नुसार ती आवेष्टित वस्तू ठरते. ती सीलबंद असण्याची गरज नाही. मग किरकोळ विक्रीच्या मोळीवर बांधणाऱ्याचे नाव-पत्ता, निव्वळ वजन, महिना-वर्ष, सर्व करांसह कमाल किंमत आणि तक्रारीसाठी संपर्क यांची चिठ्ठी लागते, तसेच काम सुरू केल्यापासून ९० दिवसांत वेष्टक, म्हणजे माल बांधून विकणारा, म्हणून नोंदणीचा अर्ज करावा लागतो. ढाब्यावर काटा नेऊन मालकासमोर तोलून दिले, तर ही चिठ्ठीची बाब उद्भवत नाही. काटा मात्र पडताळणीचा शिक्का असलेला हवा आणि इलेक्ट्रॉनिक काट्याची पडताळणी दरवर्षी करून घ्यावी लागते. ओली बाभूळ दहा किलो म्हणून बांधली, तर हुरड्याच्या दिवसांपर्यंत ती वाळून हलकी होते आणि चिठ्ठीवरचे वजन खोटे ठरते, म्हणून वाळल्यावरच तोलून बांधावे.

कराची काळजी नको. जळाऊ लाकडावर जीएसटी नाही आणि केवळ करमुक्त माल विकणाऱ्याला नोंदणीही लागत नाही. मात्र सोबत शेगड्यांसारखा करपात्र माल ठेवल्यास करमुक्त विक्रीसह एकूण उलाढाल मोजली जाते आणि ती वर्षाला ४० लाखांपुढे गेली, की नोंदणी घ्यावी लागते. दहापेक्षा कमी कामगार असतील, तर दुकाने व आस्थापना कायदा, २०१७ खाली ऑनलाइन सूचना देणे पुरेसे आहे. उद्यम नोंदणी निःशुल्क असून बँकेच्या कर्जासाठी उपयोगी पडते. शेतातच कायमचे विक्रीचे शेड उभारणार असाल, तर त्याआधी तहसील कार्यालयात अकृषिक वापराची विचारणा करावी.

पंचनाम्याची प्रत हाती आल्यावर ती आणि मेहुण्यांच्या जबाबाची प्रत घेऊन कन्नड किंवा छत्रपती संभाजीनगर येथील, वन कायद्याची प्रकरणे चालवणाऱ्या वकिलांना भेटावे. नोटीस आली असेल, तर तिच्यावरील उत्तराची मुदत आधी पाहावी.