उपचार मोफत, पण वाटखर्चाचे काय?

चि. यांस अनेक आशीर्वाद.

फिजिओथेरपीचे शिक्षण संपवून तू युगांडातील एका जिल्हा रुग्णालयात कामाला निघाल्याचे वाचून फार समाधान वाटले. तुझे बहुतेक प्रश्न उपचारांविषयी आहेत. मी मात्र रुग्णालयापर्यंतच्या वाटेविषयी लिहिणार आहे.

जन्मतःच आत वळलेल्या पावलाचे, म्हणजे क्लबफूटचे, उदाहरण घे. पोन्सेटी पद्धतीत पाऊल हाताने थोडे थोडे सरळ करत दर आठवड्याला नवे प्लास्टर घालतात, साधारण 5-6 प्लास्टरांनंतर बहुतेक बाळांच्या टाचेमागील कंडरेला, म्हणजे स्नायू हाडाला जोडणाऱ्या पट्ट्याला, लहानसा छेद देतात आणि शेवटचे प्लास्टर 3 आठवडे ठेवतात. तेथे हे काम बहुधा ऑर्थोपेडिक ऑफिसर, म्हणजे हाडांच्या उपचारांचे प्रशिक्षण घेतलेले, पण डॉक्टर नसलेले कर्मचारी, करतात. त्यांच्या हाताखाली शिकायला मिळणे हे भाग्य समज.

सरकारी रुग्णालयांतील शुल्क युगांडाने 2001 मध्येच बंद केले. पण खेड्यातल्या आईला दर आठवड्याला बोडाबोडाचे, म्हणजे भाड्याच्या मोटारसायकलचे, पैसे उभे करावे लागतात, थोरली मुले शेजारणीवर सोपवावी लागतात आणि ऐन पेरणीत शेत टाकून यावे लागते. तिसऱ्या प्लास्टरनंतर ती आली नाही, तर केसपेपरवर 'उपचार सोडले' एवढेच लिहून मोकळे होऊ नकोस; तो शेरा मला अन्यायाचा वाटतो, कारण उपचार तिने सोडलेले नसतात, ते तिच्या आवाक्याबाहेर गेलेले असतात.

त्याहून अवघड काळ पाऊल सरळ दिसू लागल्यावर येतो. दांडीने जोडलेले बूट पहिले 3 महिने जवळजवळ दिवसभर आणि पुढे वयाच्या चौथ्या वर्षापर्यंत झोपेत घालावे लागतात. बाळ रडते, बूट लहान होतात, नव्या जोडासाठी पुन्हा भाडे लागते. बूट सुटले की पाऊल पुष्कळदा पुन्हा वळते, आणि पुढे ते मूल पावलाच्या कडेवर चालत लांबच्या शाळेत जाऊ शकत नाही.

म्हणून पहिल्याच भेटीत गाव कोणते, भाडे किती आणि घरात पैशाचा निर्णय कोण घेते, हे विचारून कागदावर नोंदव. जमेल तेथे बाजाराच्या दिवसाची तारीख दे. वडिलांनाही बोलावून समजावून सांग, कारण बाळाच्या व्यंगाचा दोष पुष्कळदा आईच्याच माथी मारला जातो. वाटखर्चासाठी रुग्णालयात काही तरतूद आहे का, याची चौकशी रुजू होताच कर. नसेल, तर प्लास्टरच्या मागणीपत्रातच तीही मागणी लेखी घाल.

तुझा शुभचिंतक