'आफ्रोफ्यूचरिझम', भविष्य आणि लोकांना बोलतं करणं

प्रश्न असा आला : "एका अनुवादात 'आफ्रिकी भविष्यवादी रंगकथन हे सामुदायिक संभाषणाची ठिणगी ठरते' असं वाक्य वाचलं. व्याकरणाची चूक दिसत नाही, तरी ते मराठी वाटत नाही. 'आफ्रोफ्यूचरिझम'ला आपला शब्द कोणता?"

तुमच्या कानाला खटकलं ते योग्यच आहे. 'आफ्रोफ्यूचरिझम' हा शब्द मार्क डेरी या अमेरिकी समीक्षकाने १९९३मध्ये रूढ केला. ज्यांची नावं, भाषा, वंशावळी गुलामगिरीने पुसून टाकल्या, त्या अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांनी कथा-कलांतून उद्याचं चित्र स्वतः रंगवायचं, हा त्याचा गाभा. म्हणून 'आफ्रिकी' नको. आफ्रिकेच्या मातीतल्या अशा लेखनासाठी नायजेरियन-अमेरिकी लेखिका नेडी ओकोराफोर यांनी २०१९मध्ये 'आफ्रिकनफ्यूचरिझम' असा मुद्दाम वेगळा शब्द मांडला आहे.

खरी अडचण 'भविष्य'ची. मराठीत मुलांचं भविष्य घडवतात हे खरं, पण त्याहून जास्त वेळा भविष्य सांगतात, बघतात, वर्तवतात. म्हणजे ते आधीच कुठेतरी लिहिलेलं असतं. त्याला 'वाद' जोडला की एक तर ज्योतिष आठवतं, नाहीतर १९०९मध्ये इटलीत सुरू झालेली 'फ्यूचरिझम' नावाची कलाचळवळ. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय लेखिका ऑक्टेव्हिया बटलर यांची 'पॅरेबल ऑफ द सोअर' ही कादंबरी घ्या. ती १९९३ची, तिच्यातली डायरी सुरू होते २० जुलै २०२४ला, आणि तिच्यात दुष्काळ आहे, वणवे आहेत, पाणी महाग झालं आहे. वाचणारे थक्क होऊन म्हणतात, बाईंनी भविष्य सांगितलं! बटलर मात्र सांगत, हे भाकीत नाही. असंच चालत राहिलं तर काय होईल, त्याची ही गोष्ट आहे. 'तर' हा शब्द इथे फार मोलाचा आहे, आणि 'भविष्यवाद' म्हटलं की नेमका तोच हरवतो. म्हणून मी 'आफ्रोफ्यूचरिझम' तसाच ठेवीन आणि पहिल्यांदा येईल तिथे 'कृष्णवर्णीयांनी कल्पिलेला उद्या' एवढं जोडीन.

याच कादंबरीवर गायिका टोशी रेगन आणि त्यांच्या आई बर्निस जॉन्सन रेगन यांनी ऑपेरा रचला. टोशी गिटार घेऊन गायकांच्या मधोमध बसतात आणि मध्येच थेट प्रेक्षकांशी बोलतात. बर्निस १९६०च्या दशकातल्या नागरी हक्क चळवळीत 'फ्रीडम सिंगर्स'मध्ये गात होत्या. गाणं हे सभा सुरू होण्याआधीचं मनोरंजन नव्हे, गाण्यानेच माणसं एकत्र येतात आणि भीती मोडते, हे त्यांनी तिथे अनुभवलं होतं. ऑपेराला ते बळ तिथून मिळालं आहे.

आता 'ठिणगी'. आपल्याकडे ठिणगी पडली की भांडण पेटतं, दंगल उसळते. चर्चेला 'तोंड फुटतं'. आणि गप्प बसलेल्या माणसाला आपण 'बोलतं करतो'. मला हा प्रयोग फार प्रिय आहे, कारण त्यात बोलणारा माणूस महत्त्वाचा राहतो. आपण फक्त त्याच्यासमोर बसतो, त्याला वेळ देतो.

'कम्युनिटी'ला 'समाज' लिहू नका. 'आमच्या समाजात' म्हटलं की मराठी माणूस जात ऐकतो. बटलर यांच्या कादंबरीची नायिका लॉरेन घर जळल्यावर उत्तरेकडे चालत निघते आणि वाटेत भेटलेल्या अनोळखी माणसांना बरोबर घेते. जन्माने मिळालेल्या गोतावळ्यापेक्षा हे अगदी वेगळं आहे. 'समुदाय' चालेल, पण पुस्तकी आहे. साधं 'लोक' पुरतं. 'रंगकथन'ही नको, मराठीत गोष्ट रंगमंचावर येते.

मी ते वाक्य असं लिहीन : 'आफ्रोफ्यूचरिझमची गोष्ट रंगमंचावर आली, की लोक बोलते होतात.'