रेंज फुल्ल, नेट मंद

प्रश्न : संगमेश्वर तालुक्यातल्या आमच्या वाडीत फायबर नाही, म्हणून सिमकार्डावर चालणारा फोर-जी राउटर घेतला. रेंज कायम फुल्ल दाखवतो. सकाळी २०-२५ एमबीपीएस मिळतात, रात्री आठनंतर जेमतेम दीड-दोन. राउटर बदलावा की बूस्टर (सिग्नल वाढवणारं यंत्र) लावावा?

उत्तर : इतक्यात दोन्ही नको. दुखणं घरातल्या वाय-फायचं आहे की टॉवरकडचं, हे आधी ठरवा. लॅपटॉप लॅन केबलने थेट राउटरला जोडा, राउटरचं वाय-फाय बंद करा म्हणजे घरातले बाकीचे फोन मध्ये येणार नाहीत, आणि सकाळी सहा व रात्री नऊ अशा दोन्ही वेळी तीन-तीनदा वेग मोजा. मग वाय-फाय चालू करून त्यावरही मोजा. केबलवर वीस आणि वाय-फायवर चार आले तर दोष घरात. केबलवरही रात्री दोनच आले तर टॉवरकडे बघायचं. रोजचा डेटा संपत असेल अशी शंका येईल, पण तसं असतं तर बहुतेक प्लॅनमध्ये वेग थेट ६४ केबीपीएसवर आपटतो. दीड-दोन एमबीपीएस म्हणजे ते नव्हे. रात्री सगळं गाव एकाच टॉवरवर येतं, त्याचा हा परिणाम दिसतो.

आता त्या फुल्ल रेंजबद्दल. दांड्या फक्त सिग्नलचा जोर सांगतात, तो किती स्वच्छ आहे हे सांगत नाहीत. राउटरच्या खालच्या स्टिकरवरचा पत्ता, बहुधा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१, ब्राउझरमध्ये उघडा आणि तीन आकडे टिपा : आरएसआरपी (सिग्नलचा जोर), एसआयएनआर (सिग्नलची स्वच्छता) आणि बँड (राउटर कोणत्या लहरींच्या पट्ट्यावर आहे तो). आरएसआरपी उणे ९० च्या आसपास असेल तर उत्तम, उणे ११० च्या खाली गेला तर कठीण. एसआयएनआर २० च्या वर असेल तर झकास, शून्याच्या जवळ असेल तर दांड्या कितीही असोत, नेट रडणारच.

बँडचा आकडा बहुतेक जण बघतच नाहीत, आणि खरी गोम अनेकदा तिथेच असते. ८५० किंवा ९०० मेगाहर्ट्झच्या लहरी (बँड ५ आणि ८) लांब जातात, भिंतीतूनही शिरतात, म्हणून राउटर त्यांनाच चिकटतो. पण तिथला पट्टा बऱ्याचदा फक्त ५ मेगाहर्ट्झ रुंद असतो. त्यातून साध्या दोन-अँटेनांच्या राउटरला कागदावरसुद्धा सुमारे ३७ एमबीपीएसच मिळतात, आणि तेही गावाने वाटून घ्यायचे. सेटिंगमध्ये बँड निवडायची सोय असेल तर ३ (१८००) किंवा ४० (२३००) लावून बघा. दोन-तीन दांड्या कमी होतील, घाबरू नका, वेग मोजा. कंपनीने दिलेल्या काही राउटरांत ही सोय नसते.

मग जागा. चिऱ्याची जाड भिंत सिग्नल बराच खाते, पत्रा तर तो परतवूनच लावतो. टॉवरच्या बाजूची खिडकी, शक्यतो माडीवरची, बघा. प्रत्येक जागी दोन मिनिटं थांबून एसआयएनआर लिहून ठेवा. राउटर उन्हात मात्र ठेवू नका, तापला की वेग उतरतो.

बाहेरची अँटेना घ्यायची तर राउटरला मागे दोन एसएमए सॉकेट (बाहेरच्या अँटेनेची केबल जोडायची जागा) आहेत ना, हे आधी बघा. केबलही दोन लागतात, एकाच जातीच्या आणि लांबीच्या. बारीक आरजी-५८ केबल दहा मीटर ओढलीत तर अँटेनेने कमावलेलं केबलच गिळते. जाड एलएमआर-४०० केबल महाग असते, पण तेवढ्याच लांबीत सुमारे दोन डेसिबलच (सिग्नलचा जोर मोजायचं माप) जातात. बूस्टरचा विचार सोडा : परवानगीशिवाय बसवणं बेकायदा आहे, आणि त्याने शेजाऱ्यांचीही रेंज बिघडते.

प्रश्न : छपरावरची अँटेना उन्हाळाभर छान चालली. पाऊस लागल्यापासून वेग अर्धा झाला. पावसाने सिग्नल अडतो का?

उत्तर : या लहरींना पाऊस फारसा अडवत नाही. ओलं झाड थोडं अडवतं, पण तुमच्याकडे बहुधा कनेक्टरमध्ये पाणी गेलंय. राउटरच्या पानावर दोन अँटेनांचे आकडे वेगळे दिसत असतील आणि एक दुसऱ्यापेक्षा १५-२० डेसिबल खाली असेल, तर तीच केबल उघडा. मधल्या पिनेवर हिरवट बुरशीसारखा थर दिसला की पुसत बसू नका, टोक कापून नवा कनेक्टर बसवा. वर आधी ताणून स्वतःलाच चिकटणारी रबरी टेप, त्यावर काळी इन्सुलेशन टेप. नुसती काळी टेप उन्हात सुटते. व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन लावू नका, तांबं खातं. घरात शिरण्याआधी केबलला खाली झोल ठेवा, पाणी तिथून ठिबकून जाईल.

प्रश्न : वाय-फायच्या नावापुढे ‘५जी’ आहे, तरी आतल्या खोलीत नेट धड चालत नाही.

उत्तर : ते ५ गिगाहर्ट्झचं वाय-फाय आहे, मोबाइलच्या फाइव्ह-जीशी त्याचा संबंध नाही. भिंतीपलीकडे ते लवकर दमतं. आतल्या खोलीत २.४ गिगाहर्ट्झवाल्या नावाला जोडा आणि चॅनल १, ६ किंवा ११ यांपैकी शेजाऱ्यांनी कमी वापरलेलं निवडा.