आधी मास्कची भोकं उघडा, मग करिअरचं बोलू

तुमचं पत्र तीन पानांचं आहे. मुलीला नीटमध्ये किती मार्क पडले, भावाच्या मुलाला किती पडले, परत परीक्षेला बसायला ती कशी तयार नाही, हे सगळं सविस्तर आहे. तिला काय करायचंय ते मात्र शेवटच्या पानावर, एकाच वाक्यात: 'म्हणते, श्वासाच्या मशीनचे मास्क डिझाइन करणार, टोचणार नाहीत असे.' हे खूळ मी तिच्या डोक्यातून काढावं, असा तुमचा आग्रह.

ते राहू दे. तुम्ही सहज लिहून गेलात की स्लीप ॲप्नियासाठी, म्हणजे झोपेत श्वास पुन्हा पुन्हा अडण्याच्या आजारासाठी, तुम्ही सीपॅप (मास्कमधून सतत दाबाने हवा देणारं मशीन) लावता आणि हवा डोळ्यांवर येते म्हणून मुलीने मास्कच्या पुढची बारीक भोकं चिकटपट्टीने बुजवून दिली. ती पट्टी आज झोपायच्या आधी काढा. तुम्ही सोडलेला श्वास, म्हणजे त्यातला कार्बन डायऑक्साइड, त्या भोकांतूनच बाहेर जातो. ती बंद केली तर तोच श्वास तुम्ही परत आत घेता. डोळ्यांकडे जाणारी हवा बहुतेक वेळा नाकाच्या वरच्या बाजूने निसटते, कारण तिथे मास्क नीट बसलेला नसतो. माप तपासून घ्यायला मशीन सुचवणाऱ्या डॉक्टरांकडे जा.

मुलीवर ओरडू नका. चूक गंभीर आहे, पण ती झाली कशी बघा. रात्री दोन वाजता तुम्ही मास्क काढून उशाशी ठेवता हे घरात तिच्याच लक्षात आलं, आणि ते का, हेही तिनेच विचारलं. तिला आता शिक्षण हवंय, ते तुम्ही अडवून धरलंय.

'डिझाइन म्हणजे रंगरूप, खरं यंत्र डॉक्टर बनवतात,' असं तुम्ही लिहिलंय. हा गैरसमज इतका पक्का आहे की त्यावर जरा थांबतो. सीपॅपची कल्पना डॉक्टरचीच, हे मान्य. सिडनीच्या कॉलिन सलिव्हन यांनी सहकाऱ्यांसह १९८१ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात ती मांडली. पण सुरुवातीचे मास्क रुग्णाच्या नाकाच्या साच्यावरून बनवायचे, रोज रात्री सिलिकॉनने चिकटवायचे आणि सकाळी सोलून काढायचे. उपचार सापडला होता, पण रोज रात्री निमूटपणे लावता येईल अशी वस्तू अजून बनायची होती. ती घडवताना रंगाचा प्रश्न सगळ्यात शेवटी येतो. नाकाच्या हाडावर कातडी पातळ, तिथे दाब पडला की जखम होते. सिलिकॉनची पातळ कड आतल्या हवेनेच फुगून चेहऱ्याला बिलगते. पट्टे करकचून आवळले तर ती चेपते आणि गळती उलट वाढते. (तुम्ही आवळत असणार, पैज लावतो.) माणूस कुशीवर वळतो, जबडा सैल पडतो, दाढी असते. लहान मुलांत तर वर्षानुवर्षं दाब पडला तर चेहऱ्याच्या मधल्या भागाची वाढ खुंटू शकते. अशा मास्कसाठी आयएसओ १७५१० नावाचं स्वतंत्र मानक आहे. यात यंत्रशास्त्र आहे, पॉलिमर आहे, चेहऱ्यांची मोजमापं आहेत, पट्ट्यांची शिलाईसुद्धा आहे.

वाटा सांगायच्या तर प्रॉडक्ट डिझाइनसाठी यूसीड (डिझाइनच्या पदवीची सामायिक प्रवेश परीक्षा) किंवा एनआयडी या राष्ट्रीय डिझाइन संस्थेची प्रवेश परीक्षा, नाहीतर बायोमेडिकल अथवा मेकॅनिकल इंजिनीअरिंग आणि पुढे डिझाइन. तिने इंजिनीअरिंगचा विचार आधी करावा, असं मला वाटतं; पण त्यासाठी बारावीला गणित होतं का, हे तुम्ही लिहिलेलंच नाही. आणि तिलाही एक स्पष्ट सांगतो: फक्त मास्क बनवणारी नोकरी शोधत बसू नकोस. वैद्यकीय उपकरणांचं क्षेत्र धर, मास्क हा त्यातला एक कोपरा आहे.

आता जे मला खरंच खटकलं ते. 'आधी डॉक्टर हो, मग छंद म्हणून कर काय ते,' हे तुम्ही तिला सांगितलंत. ती रुग्ण तपासायला नाही म्हणतेय. मन नसलेली मुलगी ढकलून डॉक्टर केलीत, तर तिच्यासमोर बसणाऱ्या रुग्णांनी काय पाप केलंय? पत्रात 'लोक काय म्हणतील' चार वेळा आलंय, मी मोजलं. त्या लोकांपैकी एकही जण रात्री दोनला तुमच्या उशाशी नसतो.

त्यामुळे तिची समजूत मी घालणार नाही. पुढचं पत्र तिला लिहू द्या. कुठला भाग टोचतो, काय काय करून पाहिलं, काय फसलं, सगळं लिहू दे, जमली तर चित्रंही काढू दे. पाकीट तिनेच बंद करायचं, तुम्ही आधी वाचायचं नाही.