घरात एकजण व्हीलचेअरवर, बाकीचे उभ्याने स्वयंपाक करणारे, मग ओटा किती उंच ठेवायचा?

सगळा ओटा खाली घेऊ नका, बाकीच्यांची कंबर मोडेल. ३ फुटांचा एक तुकडा ३०-३२ इंचांवर घ्या नि त्याखाली कपाट नकोच, गुडघे आत जायला साधारण २७ इंच मोकळी उंची लागते. सिंक उथळ, ५-६ इंचांचं, आणि खालच्या गरम पाण्याच्या पाइपला इन्सुलेशन गुंडाळाच, पायाला संवेदना नसेल तर चटका बसलेला कळतही नाही, हे कॉन्ट्रॅक्टर हमखास विसरतात. वळायला मध्ये ५ फूट मोकळे. शेगडीची बटणं पुढे. फायनल करण्याआधी त्यांनाच टेबलावर भाजी चिरायला लावून बघा, खांदे वर उचलले जात असतील तर अजून इंचभर खाली घ्या.