गप्प बसलं म्हणजे क्षमा केली का?

प्रश्न : मावशी, सलाम. आमच्या देवळात, म्हणजे चर्चमध्ये, मी बारा वर्षं पेटी वाजवते. गेल्या महिन्यात उपासना सुटल्यावर पंचकमिटीतले एक वडीलधारे गृहस्थ सगळ्यांसमोर म्हणाले, "तुमची पट्टी एवढी चढी, की मंडळी गातच नाही, तुम्हीच गाता. याला उपासना नाही, मिरवणं म्हणतात. नवऱ्याशी पटत नाही म्हणून इथं वेळ काढता." मी काही बोलले नाही. दुसरा गाल पुढे करायचा, असं सगळे सांगतात. पण रात्री झोप लागत नाही. उत्तर द्यावं का?
– एक बहीण, श्रीरामपूर तालुका

उत्तर : ताई, सलाम.

बायबलातली गोष्ट. मुलगा अबशालोम याच्या बंडात दावीद राजा यरुशलेम सोडून पळत होता, तेव्हा बहूरीम गावापाशी शिमी नावाचा माणूस आडवा आला. धोंडे मारत, धूळ उधळत शिव्याशाप देत सुटला. दावीदाचा सरदार अबीशय त्याचं मुंडकं उडवायला निघाला, तर दावीद म्हणाला, देऊ दे शाप. यावर मी डझनभर तरी प्रवचनं ऐकलीत. पण १ राजे या पुस्तकाचा दुसरा अध्याय कुणी उघडत नाही. मरायला टेकलेला तोच दावीद आपल्या मुलाला, शलमोनाला सांगतो, त्या शिमीला सोडू नकोस, त्याचे पिकले केस रक्तानिशी खाली जाऊ देत. म्हणजे एवढी वर्षं मनात गाठ मारून ठेवलेलीच होती! तुमची झोप त्या गाठीनंच उडालीय.

आणि दुसऱ्या गालाचं म्हणाल, तर ज्यानं ते शिकवलं त्या येशूला माजी महायाजक हन्नाच्या वाड्यात शिपायानं थोबाडीत मारली, तेव्हा तो गप्प बसला नाही. मी वाईट बोललो असेन तर ते दाखव, बरोबर बोललो असेन तर का मारतोस, असं त्यानं विचारलं (योहान १८:२३). हात उचलला नाही, पण सवाल केला.

आता माझी गोष्ट. यजमान पाळक, म्हणजे मंडळीचे धर्मगुरू, होते तेव्हाची. महिला मंडळात एकीनं माझ्या तोंडावर सांगितलं, "पाळकीणबाई माणूस बघून कप काढतात." मी हसून सोडून दिलं आणि तीन महिने स्वतःला फार सोशिक समजत राहिले. एकदा पंचकमिटी चहा घेऊन गेली आणि मी भांडी घासायला बसले. सोनेरी कडेचे सहा कप, त्यातल्या एकाचा कान चिकटवलेला. वस्तीवरच्या बायका सकाळीच येऊन गेल्या होत्या, त्यांचे स्टीलचे पेले फळीवर वाळत होते. कान तुटलेला कपही मी त्यांच्यापुढे ठेवला नव्हता. तिथंच, हाताला राख लागलेली असताना, माझ्या अंगावर काटा आला.

दुसऱ्या दिवशी तिच्याकडे गेले. ती कांदा काटत होती. "तू म्हणालीस ते खरं होतं," एवढंच कसंबसं बोलले. तिनं क्षमाबिमा काही म्हटलं नाही. म्हणाली, "बसा. तो विळा घ्या." आणि दोन पाट्या होईतो माझ्या यजमानांच्या लांबलचक प्रार्थनेबद्दल बोलत बसली. तेही खरंच होतं म्हणा.

तेव्हा ताई, त्या गृहस्थांच्या बोलण्याचे दोन वाटे करा. पट्टीचा वाटा तपासण्यासारखा आहे. काळी पाचवर तुमचा गळा मोकळा लागत असेल, पण मागच्या बाकावरच्या म्हाताऱ्यांचं काय? एका रविवारी दोन सूर उतरवून बघा. मंडळीचा आवाज वाढला, तर ते गृहस्थ तेवढ्यापुरते बरोबर होते. तसं त्यांना सांगून टाका, कमीपणा मानू नका.

नवऱ्याचा विषय मात्र त्यांचा नव्हे. तिथं नरमाईची गरज नाही. पंडिता रमाबाई आठवा. १८८३ मध्ये इंग्लंडात वाँटेजला त्यांचा बाप्तिस्मा झाला, आणि पुढं धर्ममतांवरून तिथल्या मठातल्या सिस्टर जेराल्डीन पत्रांतून त्यांचे कान उपटू लागल्या. रमाबाईंनी सरळ कळवलं, की आपल्याकडच्या पुरोहितांचं जू मी मोठ्या कष्टानं उतरवलंय, आता तसलंच दुसरं मानेवर घेणार नाही. आणि त्याच जेराल्डीनबाईंना पत्रांत हाक काय, तर 'आजीबाई'! मला त्या जू उतरवण्यापेक्षा या 'आजीबाई'चं जास्त नवल वाटतं.

त्या गृहस्थांना तुम्ही एरवी काका म्हणत असाल, तर तेव्हाही काकाच म्हणा. पण त्यांच्या ओसरीवर जाऊन, चौघांत नव्हे, एकट्यानं सांगा : "काका, पट्टीचं मी बघते. माझ्या घरचं तुम्ही बोललात ते मला लागलं. पुन्हा बोलू नका." मंडळीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक अक्षर टाकू नका. त्यांनी ऐकलं नाही, तर मत्तय १८ प्रमाणे एकदोघांना बरोबर घेऊन पुन्हा जा. त्या एकदोघांत नवरा नको, तो भांडेल.