आकृतीखाली कॅप्शन येईना

प्रश्न: लाटेकमध्ये (कमांड लिहून मजकूर छपाईसाठी मांडायचं सॉफ्टवेअर) फिजिक्सच्या नोट्स करतोय, कप्पीच्या आकृत्यांसाठी न्यूएन्व्हायर्नमेंट (सुरुवात आणि शेवटाचा कोड देऊन स्वतःची चौकट बनवायची कमांड) लिहिलं, स्केल ऑप्शनल ठेवला, कॅप्शन खाली यावं म्हणून शेवटच्या भागात टाकलं तर 'इलीगल पॅरामीटर नंबर' असा एरर येतोय. काय करू?
– एक शिक्षक, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर: सर, तुमचा विचार बरोबरच आहे, पण त्या कमांडमध्ये आर्ग्युमेंट, म्हणजे स्केल, कॅप्शन अशा आपण दिलेल्या किमती, फक्त सुरुवातीच्या कोडला मिळतात, शेवटच्या नाही, आणि ऑप्शनल पण एकच चालतं. त्यापेक्षा न्यूडॉक्युमेंटएन्व्हायर्नमेंट वापरा की, त्यात आर्ग्युमेंट शेवटच्या कोडलाही मिळतात, ऑक्टोबर 2020 पासून ते लाटेकमध्येच आलंय, वेगळं पॅकेज नको. त्यात कॅपिटल ओ आणि त्याला लागून महिरपी कंसात 1, हा झाला स्केल, मग कॅप्शनसाठी स्मॉल एम. सुरुवातीला फिगर उघडून आत टिक्झपिक्चर (आकृती काढायचा भाग) उघडा, शेवटी टिक्झपिक्चर बंद, मग कॅप्शन, मग फिगर बंद. वापरताना स्केलचा चौकोनी कंस दिलाच नाही तर स्केल 1 धरला जातो.